पप्पांचं प्रोकॅल्सिटोनिन ६२ आलंय, सेप्सिसमध्ये या आकड्यावरून पुढचं काही कळतं का?

कृष्णाकाठची_लेक:
नमस्कार मंडळी. पप्पा आयसीयूत आहेत, वय ६६, शुगर आहे बरीच वर्षं, मेटफॉर्मिन चालू होतं. मूतखडा खाली सरकून अडकला, थंडी वाजून ताप आला, घरी पॅरासिटामॉल देऊन रात्र काढली आणि सकाळी ते काहीतरी असंबद्ध बोलायला लागले म्हणून उचलून नेलं. बीपी ८० च्या खाली. डॉक्टर म्हणाले सेप्सिस आहे, म्हणजे इन्फेक्शनने अवयव बिघडायला लागलेत, आणि बीपी पडलंय म्हणून सेप्टिक शॉक. त्याच रात्री डीजे स्टेंट (किडनीतून लघवी खाली उतरायला आत ठेवतात ती नळी) टाकला, पू निघाला म्हणे. आता नॉरअ‍ॅड्रिनॅलिन (बीपी वर ठेवायचं औषध) सिरिंज पंपावर चालू आहे पण डोस कमी करत आणलाय, व्हेंटिलेटर लागलेला नाही, ऑक्सिजन मास्कवर आहेत.

रोजचे रिपोर्ट मी वहीत उतरवून ठेवतेय. प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या दिवशी ६२, मग ४१, आज १९. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं) २१०, मग २४०, आज २२८. लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की वाढतं ते) ४.८ होतं ते २.१ आणि आज १.६. पण किडनीचं क्रिएटिनिन २.९ वरून ३.२ झालं आणि प्लेटलेट ६८ हजारांवरून ५४ हजार. म्हणजे दोन गोष्टी उतरतायत, एक जागेवरच आहे आणि दोन बिघडतायत, मग धरायचं काय? डॉक्टर भेटतात पण दोन मिनिटं, "इम्प्रूव्हिंग आहेत पण क्रिटिकल आहेत" एवढंच. काका म्हणतात नेटवर बघितलं, नॉर्मल ०.१ च्या आत असतं आणि ६२ म्हणजे आशा नाही. आई हे ऐकून जेवत नाहीये. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज, या रक्ताच्या तपासण्यांवरून माणूस वाचेल की नाही, किडनी जाईल की नाही, हे खरंच कळतं का?

आयसीयू_नाईटड्यूटी:
ताई, मी आयसीयूत काम करतो. पप्पांना मी बघितलेलं नाही, त्यामुळे त्यांचं काय होईल हे मी इथून सांगणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण आकडे वाचायचे कसे ते सांगतो, आणि आधी आईंना सांगा की ६२ म्हणजे आशा नाही हे साफ चुकीचं आहे.

प्रोकॅल्सिटोनिन हे कॅल्सिटोनिन हार्मोनचं कच्चं रूप. एरवी ते थायरॉइडमध्ये तयार होतं आणि रक्तात जवळपास दिसतच नाही. बॅक्टेरियाचं इन्फेक्शन अंगात पसरलं की लिव्हर, फुप्फुस, चरबी, सगळीकडच्या पेशी ते बनवायला लागतात. ३-४ तासांत वाढायला लागतं, दिवसभरात शिखरावर जातं. लघवीच्या वाटेचं इन्फेक्शन बहुतेक वेळा ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंचं असतं, ते रक्तात उतरले की प्रोकॅल्सिटोनिन ५०, ८०, १०० च्या वर गेलेलं आम्ही नेहमी बघतो आणि अडथळा मोकळा झाल्यावर यातले बरेच पेशंट चालत घरी जातात. उलट न्यूमोनियाचा एखादा पेशंट ३ किंवा ४ वर असतो आणि हातातून जातो. पहिला आकडा साधारण एवढंच सांगतो की जंतूंचा मारा किती मोठा होता. पुढचं कळतं ते उतारावरून.

त्याचं अर्धायुष्य साधारण एक दिवस आहे, म्हणजे शरीराने नवीन बनवणं थांबवलं तर रोज अंदाजे निम्मं व्हायला पाहिजे. ६२ चं ४१ झालं तेव्हा पुरतं निम्मं नव्हतं, कारण स्टेंट पडेपर्यंत आणि अँटिबायोटिक लागू पडेपर्यंत मारा चालूच होता. ४१ चं १९ झालं, हे निम्म्याहून कमी, बरोबर वेगाने उतरतंय. अमेरिकेत १३ हॉस्पिटलांत मोझेस नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, त्यात चौथ्या दिवसापर्यंत ज्यांचं प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून जास्त उतरलं त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू साधारण १० टक्के होते आणि ज्यांचं तेवढं उतरलं नाही त्यांच्यात २० टक्के. तुमच्या हिशोबाने ६२ चे ८० टक्के उतरले म्हणजे १२ च्या आसपास. पण नीट बघा, न उतरलेल्यांमधलेसुद्धा पाचातले चार जगलेच. म्हणून हा निकाल मानू नका. उतरत नसेल तर डॉक्टरांनी परत शोधायचं असतं की कुठे पू राहिलाय का, अँटिबायोटिक चुकतंय का, दुसरं इन्फेक्शन लागलंय का.

सीआरपीची काळजी सोडा. ते लिव्हर बनवतं, उशिरा वाढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं, आणि उतरतंही मागाहून. २१०, २४०, २२८ हे अगदी अपेक्षित आहे.

लॅक्टेट ४.८ वरून १.६, मला सगळ्यात बरं हेच वाटलं. सेप्टिक शॉक म्हणायचं कधी, तर सलाईन पुरेसं देऊनही सरासरी बीपी ६५ ठेवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे. २०१६ ला ही व्याख्या ठरली तेव्हाच्या आकड्यांत या गटात हॉस्पिटलमधले मृत्यू ४० टक्क्यांच्या वर होते, आणि तुम्ही विचारलंय म्हणून हेही लपवत नाही. पण त्यात सगळ्या प्रकारचे पेशंट आले. खडा अडकून सेप्सिस झालेल्यांचा अमेरिकेतला २०१३ चा अभ्यास आहे, अडथळा मोकळा केला त्यांच्यात मृत्यू सुमारे ९ टक्के, केला नव्हता त्यांच्यात सुमारे १९. तुमच्याकडे त्याच रात्री स्टेंट पडला. या सगळ्यात सगळ्यात मोठी गोष्ट ती झालीय, रक्ताच्या कुठल्याही तपासणीपेक्षा मोठी.

क्रिएटिनिन आणि प्लेटलेटचं राउंड उरकून लिहितो, बेड ४ चा फोन आला.

लॅबवाली_अर्चना:
डॉक्टर येईपर्यंत लॅबच्या बाजूने थोडं सांगते, कारण नातेवाईक वहीत आकडे उतरवतात आणि इथेच गडबड होते.

सीआरपीचं युनिट बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. २४० आणि २४ हे एकच असू शकतं! हॉस्पिटल बदललं किंवा रात्री सँपल बाहेरच्या लॅबला गेलं तर घरचे म्हणतात एकदम दहापट उतरलं, आणि तसं काही झालेलं नसतं.

प्रोकॅल्सिटोनिन एकाच मशिनवर व्हायला हवं. काही ठिकाणी कार्डवर पटकन करतात, त्यात रेघेच्या रंगावरून "१० पेक्षा जास्त" एवढंच कळतं, आणि मोठ्या अ‍ॅनालायझरवर नेमका आकडा येतो. आज कार्ड आणि उद्या मशिन असं झालं तर उताराची तुलनाच करता येत नाही. रिपोर्टच्या खाली पद्धत लिहिलेली असते, ती ओळ वाचा.

लॅक्टेटचं सँपल फार नाजूक. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, रक्त काढल्यावर ट्यूब तशीच टेबलावर पडून राहिली, तर रक्तपेशी साखर जाळत राहतात आणि लॅक्टेट ट्यूबमध्येच वाढतं. म्हणून राखाडी बुचाच्या फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये घेतात, बर्फात पाठवतात, नाहीतर आयसीयूतल्याच एबीजी (रक्तातले वायू मोजायच्या) मशिनवर लगेच करतात. मधेच एखादं लॅक्टेट विचित्र आलं आणि बाकी सगळं बरं असेल तर रिपीट पाठवलंय का एवढं विचारायला हरकत नाही.

आणि प्लेटलेट ५४ हजार मशिनने दिलं की कुणी स्लाइड बघून खात्री केली? जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधल्या केमिकलमुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशिन कमी मोजतं. सेप्सिसमध्ये खरंच कमी होतात, तुमच्या केसमध्येही बहुतेक खऱ्याच असतील, पण स्मिअर, म्हणजे ती स्लाइड, बघणं दोन मिनिटांचं काम आहे.

स्पष्टवक्ता_७७:
सगळं ठीक आहे हो, पण रोज रोज प्रोकॅल्सिटोनिन कशाला? एवढी महाग टेस्ट आहे. बिल फुगवायचे धंदे आहेत. आमच्या मेव्हण्याच्या वेळी रोज करत होते आणि शेवटी अँटिबायोटिक काही बदललं नाही की बंद केलं नाही. मग त्या आकड्याचा उपयोग काय झाला?

आयसीयू_नाईटड्यूटी:
दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. ज्या तपासणीने निर्णय बदलणार नाही ती करू नये असं माझंही मत आहे. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या सेप्सिसवरच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये म्हटलंय की अँटिबायोटिक चालू करायचं की नाही हे ठरवायला प्रोकॅल्सिटोनिन वापरू नका, ते पेशंट बघून ठरवा, आणि शॉक असेल तर तासाभरात द्या, रिपोर्टची वाट बघत बसू नका. बंद कधी करायचं हे ठरवायला मात्र त्याची मदत घ्या. नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर पेशंटवर हे करून बघितलं, ८० टक्के उतरलं किंवा ०.५ च्या खाली आलं की डॉक्टरांना थांबवायचा सल्ला जायचा, अँटिबायोटिकचे दिवस कमी झाले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट थोडे कमीच दिसले. ब्रिटनमध्ये अडॅप्ट-सेप्सिस नावाचा अभ्यास झाला, २०२४ मध्ये निकाल आले, २७६० पेशंट, तिथेही प्रोकॅल्सिटोनिन रोज बघून अँटिबायोटिक सुरक्षितपणे लवकर थांबवता आलं, सीआरपी बघून तो फायदा दिसला नाही. म्हणजे आकडा बघून कुणीतरी अँटिबायोटिक थांबवायला तयार असेल तर टेस्टचे पैसे वसूल, नुसती फाईलला लावायला असेल तर नाही. माझ्या मते पहिले काही दिवस केली तर चालते, पेशंट सावरला की एक दिवसाआड पुरते. आणि मोठं ऑपरेशन, भाजणं, मोठा अपघात, किडनी फेल, मलेरिया, यात सेप्सिस नसतानाही वाढते, तिथे तर अजून जपून वापरायची.

आता ताईंचं राहिलेलं.

क्रिएटिनिन हा किडनीचा जुना निरोप असतो. किडनीला मार बसला पहिल्या रात्री, बीपी ८० च्या खाली होतं तेव्हा, पण क्रिएटिनिन साचून वर यायला एक-दोन दिवस जातात. म्हणून लॅक्टेट सुधारलं तरी क्रिएटिनिन अजून चढतंय, यात विसंगती काहीच नाही. किडनीचं खरं बघायचं तर कॅथेटरची पिशवी बघा. बेडच्या कडेला लटकवलेली असते, वर मोजपट्टीचा छोटा डबा असतो, सिस्टर दर तासाला त्यातलं वाचून चार्टवर लिहितात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा एमएल, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३५ एमएल तरी पाहिजे. उद्या भेटल्यावर "क्रिएटिनिन किती" याच्या आधी "तासाला लघवी किती होतेय आणि पोटॅशियम किती आहे" हे विचारा. किडनीला इजा झाल्याचं लवकर सांगणारे मार्करही निघालेत, एनगॅल आहे, टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ ही जोडी आहे, त्या जोडीच्या टेस्टला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रोजच्या वापरात नाहीत, तुमच्या पप्पांच्या बाबतीत त्याने काही बदलणारही नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका.

प्लेटलेट. सेप्सिसमध्ये रक्त आतल्या आत बारीक बारीक गोठायला लागतं आणि त्यात प्लेटलेट खर्ची पडतात. पहिले ३-४ दिवस उतरतात आणि मग वर यायला लागतात, आठवड्याच्या शेवटी वर आल्या तर चांगलं, खालीच राहिल्या तर काळजीचं. एकट्या प्लेटलेटने कळत नाही, पीटी-आयएनआर, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या रक्त गोठण्याच्या तपासण्या एकत्र बघून डीआयसीकडे, म्हणजे गोठणंच बिघडून रक्तस्राव व्हायच्या अवस्थेकडे, चाललंय का ते ठरवतात. कुठून रक्त येत नसेल तर ५४ हजारांना प्लेटलेट चढवायची गरज सहसा नसते, "चढवा ना डॉक्टर" म्हणून मागे लागू नका, डेंग्यूमुळे लोकांच्या डोक्यात ते फार बसलंय.

डॉक्टर सगळ्या अवयवांचे मार्क लावून एक बेरीज करतात, सोफा स्कोर. फुप्फुस, प्लेटलेट, बिलीरुबिन, बीपी, शुद्ध, किडनी, प्रत्येकाला ० ते ४, एकूण २४ पैकी. एकदा विचारा की अ‍ॅडमिट केलं तेव्हा सोफा किती होता आणि आज किती. त्या एका उत्तरात तुमच्या वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त कळेल. नॉरअ‍ॅड कमी होतंय आणि ते नीट बोलतायत का, हेही त्यातच येतं.

पोफळीच्या_बागेतून:
ताई, आमच्या सासूबाईंना पावसाळ्यात लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा ताप) झाला होता, भातलावणीनंतर. त्यांचं पण प्रोकॅल्सिटोनिन खूप वर होतं आणि बिलीरुबिन वाढून डोळे पिवळेधमक झाले होते, आम्ही सगळे नुसते त्या बिलीरुबिनच्या मागे. तिथल्या एका सिस्टरने मला बेडजवळ नेलं, सासूबाईंच्या बोटाचं टोक दाबून धरलं, सोडलं आणि म्हणाली बघ, पांढरं झालेलं परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो, काल खूप वेळ लागत होता आज लगेच होतंय. तेव्हापासून मी आत गेले की रिपोर्टच्या आधी हातपाय गार आहेत का ते बघायचे, बोलतायत का बघायचे. डायलिसिस दोनदा लागलं, मग किडनी परत चालू झाली, आज बागेत पाणी लावतात त्या. डायलिसिस म्हटलं की कायमचं असं डोक्यात धरू नका म्हणून सांगतेय. आईंना जेवायला घाला, पुढे घरी आल्यावर त्यांचीच खरी गरज लागणार आहे.

दुसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट:
बोट दाबायची ती पद्धत सिस्टरने अगदी बरोबर दाखवली, त्यावर मोठी ट्रायल झालीय. दक्षिण अमेरिकेतल्या ५ देशांत, अँड्रोमेडा-शॉक, २०१९. ४२४ पेशंट, निम्म्यांचे उपचार लॅक्टेट बघून आणि निम्म्यांचे काचेच्या स्लाइडने बोट १० सेकंद दाबून रंग ३ सेकंदांत परत येतो का ते बघून. बोटवाल्या गटात २८ दिवसांत साधारण ३५ टक्के गेले, लॅक्टेटवाल्यात ४३, फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही पण बिनखर्चाची तपासणी कुठेही कमी पडली नाही एवढं नक्की. ज्या तालुक्याच्या दवाखान्यात एबीजी मशिन नाही तिथे याचं मोल फार आहे असं मला वाटतं. लॅक्टेटलाही स्वतःच्या खोडी आहेत, अ‍ॅड्रिनॅलिन चालू केलं तर त्यानेच वाढतं, लिव्हर खराब असेल तर उतरत नाही, आणि किडनी बिघडलेली असताना मेटफॉर्मिन अंगात साचलं तरी वाढतं. पप्पांना मेटफॉर्मिन चालू होतं हे आयसीयूच्या डॉक्टरांना माहीत आहे ना एवढं बघा.

बाकी "कोण वाचेल हे सांगणारी टेस्ट" अजून कुणाला सापडलेली नाही, आणि शोधायचं कमी केलंय म्हणून नाही. २०१० च्या एका आढाव्यात १७८ बायोमार्कर (आजाराची खूण दाखवणारे घटक) मोजले होते, २०२० ला तोच आढावा परत घेतला तर २५८. प्रेसेप्सिन, आयएल-६, सुपार, प्रोअ‍ॅड्रिनोमेड्युलिन, रांगच आहे. यातल्या बहुतेकांवर एखाद-दुसराच अभ्यास, छोट्या गटावर, मग दुसऱ्या हॉस्पिटलात तो तसा चालत नाही. मला यामागचं खरं कारण हे वाटतं की सेप्सिस हा एक आजार नाहीच, खडा अडकलेले ६६ वर्षांचे पप्पा, बाळंतपणानंतर ताप आलेली २२ वर्षांची मुलगी आणि केमो चालू असलेला माणूस, तिघांच्या फाईलवर सेप्सिसच लिहिलेलं असतं पण आत चाललेलं वेगवेगळं असतं. कुणाची प्रतिकारशक्ती उफाळलेली असते, कुणाची गळून गेलेली. ही गळलेली ओळखायला मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचं एचएलए-डीआर हे प्रथिन मोजतात, ते बरेच दिवस खाली राहिलं तर दुसरं इन्फेक्शन लागायची भीती जास्त, पण त्याला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेक पेशी तपासणारं खास मशिन, लागतं. मला स्वतःला आशा याच दिशेने आहे, एका आकड्यावरून भविष्य सांगण्यापेक्षा कुठल्या पेशंटला कुठलं औषध द्यायचं हे कळलं तर खरा उपयोग.

कृष्णाकाठची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, तुमचे मेसेज आईला वाचून दाखवले, काल रात्री तिने अर्धी भाकरी खाल्ली. आज डॉक्टरांना विचारलं, त्यांनी उलट बसवून नीट सांगितलं. सोफा ११ होता तो ६ वर आलाय. लघवी तासाला ६० च्या आसपास होतेय, क्रिएटिनिन ३.२ वर थांबलंय, चढलं नाही. प्लेटलेट ५७ हजार, स्मिअर बघितलेला आहे, खऱ्याच कमी आहेत. नॉरअ‍ॅड दुपारी बंद केलं. प्रोकॅल्सिटोनिन ९. मेटफॉर्मिनचं त्यांना माहीत होतं, पहिल्याच दिवशी बंद केलंय. रक्ताच्या आणि लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय आलाय, ईएसबीएल म्हणाले, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू आहे ते त्याला लागू पडतंय. पप्पांनी मला ओळखलं, ट्रॅक्टरचा हप्ता भरला का विचारलं.

आता एकच, अँटिबायोटिक किती दिवस? काका म्हणतात एवढा मोठा जंतू आहे तर २१ दिवस तरी द्यायला सांगा.

आयसीयू_नाईटड्यूटी:
फार बरं वाटलं वाचून. ११ चा ६ झाला, प्रेशरचं औषध सुटलं, माणूस हिशोब विचारतोय, ९ या आकड्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं.

काकांना सांगा, जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित असं नसतं. रक्तातल्या इन्फेक्शनवर बॅलन्स नावाची ट्रायल झाली, ७ देशांत, साडेतीन हजारांवर पेशंट, २०२४ ला निकाल आला, ७ दिवस आणि १४ दिवस यांत ९० दिवसांच्या मृत्यूत ७ दिवस कमी पडले नाहीत, आणि त्यात लघवीच्या वाटेने आलेलं इन्फेक्शनच सगळ्यात जास्त होतं. तुमच्या पप्पांचे नेमके किती ते तिथले डॉक्टर सोनोग्राफीत पू राहिलाय का बघून ठरवतील. लांबवलं तर जुलाब लागतात आणि पुढच्या वेळी औषधं चालत नाहीत.

डिस्चार्जनंतर काही आठवडे थकवा राहील, विसरायला होईल, रात्री घाबरून उठतील, त्याला मनावर घेऊ नका पण फॉलोअपला सांगा. मेटफॉर्मिन आपल्या मनाने परत सुरू करू नका, क्रिएटिनिन बघून डॉक्टर सांगतील. आणि खडा अजून आतच आहे, स्टेंटही आत आहे. बरं वाटलं की लोक येत नाहीत आणि स्टेंट वर्षानुवर्षं आत राहून त्यावर खडे चढतात, परत इन्फेक्शन होतं. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट काढायची तारीख लिहून घ्या आणि तुमच्या मोबाईलमध्ये लावून ठेवा, पप्पांच्या नको.